गुरुवारची खरखर

स्वरूपा आगाशेनं ऊर्मिलाताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, या बाईला काहीतरी झालंय.

डार्मश्टाटमधल्या त्या चार मजली इमारतीत राहायला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. मागच्या होफमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या फरसबंद अंगणात, ती कचऱ्याच्या डब्यांपुढे उभी राहून पिवळ्यात काय टाकायचं आणि निळ्यात काय, याचा विचार करत होती. शेजारी एक जुनी करडी गाडी. इंजिन बंद, काचा वर, आणि आत साठीच्या जवळ आलेली एक बाई मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून बसलेली. केस आखूड कापलेले, नाकात चमकी. स्वरूपानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि काचेवर टकटक केलं.

बाईनं डोळे उघडले नाहीत. नुसतं एक बोट वर केलं. थांब.

स्वरूपा थांबली. काचेआडून रेडिओची खरखर येत होती. मग समोरच्या रस्त्यावरून ट्राम गेली, खरखर विरली, कुणीतरी बाई स्वच्छ जर्मनमध्ये हवामान सांगू लागली, आणि आतल्या बाईनं काच खाली घेतली.

"ऐकलंस? ट्राम समोर होती तोवर भांडण. ती गेली, की समेट."

"तुम्ही बऱ्या आहात ना? मला वाटलं..." स्वरूपा बोलता बोलता अडखळली. "तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे ते?"

"बेलच्या पाटीवर आगाशे लिहिलंय, म्हणजे काय नॉर्वेचे असणार? माझंही नाव आहे बघ तिथे. खालून दुसरं."

स्वरूपानं ते नाव वाचलं होतं, पण तिला ते मराठी वाटलंच नव्हतं. पांढरीपांडे हे आडनाव पाटीत मावलं नव्हतं, म्हणून छापणाऱ्यानं ते 'पांढरीपा' इथेच तोडलं होतं. ऊर्मिलाताईंनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. पोस्टमनला तेवढं पुरतं, म्हणायच्या.

त्या मूळच्या अकोल्याच्या. इथल्या तांत्रिक विद्यापीठात शिकायला आल्या आणि परत गेल्याच नाहीत. गावाबाहेरच्या एका कंपनीत त्या गाड्यांच्या रेडिओची चाचणी घ्यायच्या. म्हणजे नव्या गाडीत बसून डोंगरातून, बोगद्यातून, उंच इमारतींमधून फिरायचं आणि आवाज कुठे तुटतो, कसा तुटतो ते ऐकायचं. यंत्रं सगळं मोजतातच, पण माणसाच्या कानाला काय खुपतं हे यंत्राला सांगता येत नाही, म्हणून कंपनी अजून कान असलेली माणसं ठेवते. लग्नाचं कुणी विचारलं, तर त्या "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या, छत्री बसमध्ये राहून गेल्यासारखं.

ते ट्रामचं भांडणही त्यांनी स्वरूपाला पुढे एकदा समजावून सांगितलं. रेडिओच्या लाटा थेट येतात तशा ट्रामच्या पत्र्यावर आपटूनही येतात. एकच आवाज दोन वाटांनी थोडा मागेपुढे येऊन पोचला, की ते दोघे एकमेकांना बोलू देत नाहीत. लाल सिग्नलला गाडी नेमकी अशा जागी थांबली, तर गाणं खरखरतं. हातभर पुढे घेतली, की स्वच्छ. ऊर्मिलाताई सिग्नलला गाडी हळूच हातभर पुढे घ्यायच्या, आणि मागचे जर्मन चालक, सिग्नल लाल असताना या बाई का सरकल्या या विचारानं हैराण व्हायचे.

स्वरूपाचा नवरा प्रसन्न स्टुटगार्टला मोटारींच्या कंपनीत होता. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी रात्री यायचा. स्वरूपाला स्वतःचं सॉफ्टवेअरचं ऑफिस संध्याकाळी सहापर्यंत. आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या अन्वीला घोड्यावर बसायला शिकायचं होतं, तेही ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात, गुरुवारी दुपारी.

"मी नेते की," ऊर्मिलाताई म्हणाल्या. "गुरुवारी मी लवकर सुटते. आणि ते खोरं माझं लाडकं आहे. तिथे सगळ्यांचा रेडिओ मरतो."

स्वरूपानं त्यांना दिवाळीचा डबा दिला, डोळ्यांत पाणी आणून आभार मानले, आणि गुरुवार सुरू झाले.

आता स्वरूपाच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. अन्वीला मराठी सगळं कळायचं. पण उत्तर जर्मनमध्ये. "जेवलीस का?" तर "या", म्हणजे हो. "कुणाबरोबर खेळलीस?" तर दोन जर्मन वाक्यं. स्वरूपानं गोष्टींची पुस्तकं आणली, मराठी मंडळाच्या शनिवारच्या वर्गाला घातलं, मराठी बोलली की एक, अशा फ्रिजवर चांदण्या चिकटवल्या. शेवटी तिनं नियम केला, की जेवणाच्या टेबलावर जर्मन बोलायचं नाही. अन्वीनं नियम मोडला नाही. ती टेबलावर बोलायचीच बंद झाली. पोळी हवी असली, की पोळीकडे बघायची. पुण्याहून स्वरूपाच्या आईचा, शोभनाताईंचा फोन आला, तर अन्वी हात हलवायची, हसायची आणि आत पळायची. "लेकरू मुकं आहे का गं?" असं एकदा शोभनाताई म्हणाल्या. चेष्टेतच म्हणाल्या, पण स्वरूपाला ते वाक्य महिनाभर खुपत राहिलं.

आणि मग मे महिन्यातला तो गुरुवार. स्वरूपा ऑफिसातून लवकर आली होती आणि होफमध्ये सायकलला कुलूप लावत होती. करडी गाडी आत आली. काचा खाली होत्या.

"नाही ना मावशी! ही फुसफुस नाही, ही चरचर आहे. पुरी तेलात सोडली की होते तशी."

"मग मघाची, त्या पुलाजवळची?"

"ती खरखर. आणि त्याच्या आधी गुणगुण होती, बारीक, माशीसारखी. तू ऐकलीच नाही, तू घाटात गिअर बदलून राहिली होती!"

स्वरूपाच्या हातातली किल्ली हातातच राहिली. नऊ वर्षांत तिच्या मुलीनं तिला मराठीत एवढं लांब वाक्य कधी म्हटलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं, अन्वी उतरली, आईला पाहिलं, आणि भूक लागल्याचं तिनं जर्मनमध्ये सांगितलं.

त्या रात्री स्वरूपानं पुऱ्या केल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. तिनं पुरी तेलात सोडली आणि विचारलं, "अन्वी, ऐक बरं, कसा आवाज येतोय?" अन्वीनं कढईकडे आणि मग आईकडे पाहिलं. "लाउट," ती म्हणाली. मोठा.

हेवा हा असा असतो, की त्याला आधी चेहरा नसतो. स्वरूपाला सुरुवातीला वाटलं, आपल्याला नुसतं कुतूहल आहे. ती खाली गेली आणि हसून म्हणाली, "ऊर्मिलाताई, काय जादू केलीत हो माझ्या मुलीवर?"

"मी? काही नाही बा. ऑफिसात आवाजाला आकडे द्यावे लागतात, एक ते पाच. मला आकडा लक्षात राहत नाही, शब्द राहतो. घरघर वेगळी, खरखर वेगळी. जर्मनमध्ये इतके शब्द मला सापडत नाहीत, म्हणून मी आपली मनात मराठीत ऐकते. एकदा मोठ्यानं बोलले, तर ही मागून म्हणाली, चुकलं. गेनाऊ, बरोबर, म्हटलं, तूच सांग मग."

"बस? एवढंच?"

"एवढंच. ती बरोबर असते बहुतेक वेळा. कान फार चांगले आहेत पोरीचे."

पोरीचे. आपल्या पोरीचे कान चांगले आहेत हे आपल्याला दुसऱ्या बाईनं सांगावं, याचं स्वरूपाला जिना चढताना इतकं वाईट वाटलं, की ती मधल्या पायरीवर क्षणभर थांबली.

रविवारी तिनं स्वतःच्या गाडीत प्रसन्नला आणि अन्वीला घातलं आणि त्याच खोऱ्याची वाट धरली. गाडी नवी. रेडिओ डिजिटल. ऊर्मिलाताईंनी एकदा सांगितलं होतं, की जुना एफ.एम. जायच्या आधी कुरकुरतो, खरखरतो, निरोप घेतो. डिजिटल शेवटपर्यंत गोड बोलतो आणि मग एकदम तोंड मिटतो. स्वरूपानं एफ.एम. लावला. डोंगर आले, झाडी आली, खरखर काही येईना. कुठे आवाज जरा दबला, की गाडी आपणहून तेच केंद्र दुसऱ्या टेकडीवरून शोधून आणायची. ऊर्मिलाताईंनी आपल्या गाडीत ती सोय मुद्दाम बंद करून ठेवली होती. स्वरूपाला ते बटण ठाऊक नव्हतं. ती गाडी रस्त्याकडेला घेऊन पडद्यावर बोटं मारत बसली.

"काय शोधतेयस?" प्रसन्ननं विचारलं.

"खरखर."

"काय?"

"खरखर, रे! इथे येते. त्यांच्या गाडीत येते."

"अगं, आमचे तीनशे इंजिनिअर रात्रंदिवस ती खरखर घालवायला बसलेत, आणि तू ती शोधायला पेट्रोल जाळतेस?" तो हसू लागला. मागून अन्वीही हसली. मग तिनं वडलांना जर्मनमध्ये विचारलं, आई ऊर्मिला मावशीसारखं का करतेय? प्रसन्न हसायचा थांबला.

त्यानंतर स्वरूपाला ऊर्मिलाताईंचं काहीच पटेना. त्या सिग्नलला सरकतात, हे धोक्याचं नाही का? दर गुरुवारी वाटेत सफरचंदाचा केक कशाला? मार्चमध्ये अन्वीचं घोड्यावरून पडून कोपर सोललं होतं. तेव्हा आपण काही बोललो नाही, पण या बाई नक्की कुठे उभ्या होत्या? हे सगळं ती रोज पुण्याला फोनवर आईला सांगायची. शोभनाताई चाळीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या. तक्रार नीट ऐकून तिला वजन कसं द्यायचं, हे त्यांना येत होतं.

इथे एक छोटी गोष्ट मागे राहिली. दिवाळीच्या कार्यक्रमाला त्या सगळ्या ऊर्मिलाताईंच्या गाडीतून गेल्या होत्या. वाटेत गाणी हवीत, म्हणून अन्वीनं आईचा फोन ब्लूटूथनं त्या गाडीला जोडून दिला होता. गाडी जुनी असली, तरी तिच्यात तेवढी सोय होती. ऊर्मिलाताई स्वतः गाडीत रेडिओशिवाय काही ऐकत नसत. त्यांचा फोन त्या गाडीला कधी जोडलेलाच नव्हता. तेव्हा गाडीला ओळखीचा फोन एकच, स्वरूपाचा. कार्यक्रम संपला, सगळे विसरले. गाडी विसरली नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी हायत्सुंगचा, म्हणजे घर तापवायच्या यंत्रणेचा, माणूस बॉयलर तपासायला येणार होता, म्हणून स्वरूपा घरूनच काम करत होती. तिचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, होफच्या अगदी वर. ती खिडकीत उभी राहून आईशी बोलत होती. खाली अन्वी दप्तर टाकून मागच्या सीटवर बसली, ऊर्मिलाताई पुढे बसल्या.

"ती बघ, निघाली घेऊन," स्वरूपा म्हणाली. "माझ्याशी सकाळपासून दोन शब्द नाहीत. आणि आता बघ कशी हसतेय."

"मी सांगू का तुला," शोभनाताईंनी सुरुवात केली. खाली इंजिन सुरू झालं, आणि स्वरूपाच्या कानातला फोन मुका झाला.

"हॅलो? आई? हॅलो?"

काही नाही. तिनं फोन कानापासून काढून पाहिला. फोन चालू होता. वेळ पुढे सरकत होता. खाली बारीक अक्षरांत ऊर्मिलाताईंच्या गाडीचं नाव आलं होतं.

आईचा आवाज आता खाली त्या गाडीत लागलाय, हे कळायला तिला क्षण लागला. ती तशीच घरातल्या सपाता घालून जिन्याकडे धावली. मधल्या पायऱ्यांवर हायत्सुंगचा माणूस भलीमोठी पेटी घेऊन वर येत होता. तो पेटी टेकवून वाट देईपर्यंत तिला अडकून राहावं लागलं. ती होफमध्ये पोचली तेव्हा ट्राम जाईपर्यंत फाटकाशी थांबलेली करडी गाडी बाहेर वळत होती. गाडी दूर गेली तसा फोन परत तिच्याकडे आला, आणि त्यातून शोभनाताईंचा आवाज, अर्धा रडका, अर्धा हसरा.

"अगं, बोलली! अन्वी बोलली माझ्याशी!"

"तू काय बोललीस आई? आधी ते सांग. त्या गाडीत काय ऐकू गेलं?"

 शोभनाताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, की लोकांचं मूल आपलंसं करायला काय लागतं, आठवड्यातून एक दिवस केक द्यायचा आणि गोड बोलायचं. ताप आला तर रात्रभर जाग म्हणावं, मग कळेल. ज्याला स्वतःचं नाही, तो दुसऱ्याच्या...

"आणि मग?"

"मग कोणीतरी म्हणालं, आज्जी, मावशीला ऐकू येऊन राहिलं."

स्वरूपानं डोळे मिटले.

"मी म्हटलं, कोण बोलतंय? तर म्हणे, मी अन्वी. मग मी विचारलं, घोड्याचं नाव काय, तर सगळं सांगितलं गं तिनं! रंग, शेपूट, चावतो का, सगळं!" त्या थांबल्या. "पण ते 'येऊन राहिलं' काय गं? हे कुठलं मराठी?"

"अकोल्याचं," स्वरूपा म्हणाली.

संध्याकाळी सातला ऊर्मिलाताई नेहमीसारख्या अन्वीला वर सोडायला आल्या. अन्वी आत पळाली. दारात दोघी उभ्या राहिल्या.

"तुझ्या आईंचा आवाज खणखणीत आहे हं," ऊर्मिलाताई म्हणाल्या. "गाडीच्या स्पीकरला असे आवाज फार शोभतात."

"ऊर्मिलाताई, मला तोंड दाखवायला जागा नाही. आई असं बोलली, पण ते तिला मीच..."

"ते कळलं मला. एवढं तपशिलात पुण्यात बसून कसं सुचेल?" त्या हसल्या नाहीत. "हेवा वाटला तुला."

"हो."

"वाटणारच. मला नाही का वाटत? मार्चमध्ये ती पडली ना घोड्यावरून, मी पाच पावलांवर होते. धावले, उचललं, पोटाशी धरलं. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती 'आई, आई' करून रडत होती. मी तिला धरून होते आणि मनात म्हणत होते, अगं, मी आहे ना इथे." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "पुढच्या गुरुवारी तू ने. माझी गाडी घे. तुझ्या गाडीत काही ऐकू येत नाही."

"नाही नाही, असं कसं! तुम्हीच न्या. तिला आवडतं."

नको म्हणताना स्वरूपाचा हात पुढे झालेला होता. तो तिनंही पाहिला आणि ऊर्मिलाताईंनीही. किल्ली हातात पडली.

स्वरूपानं ऑफिसात बोलून गुरुवारी तीनला सुटायचं ठरवलं, बदल्यात बुधवारी उशिरापर्यंत बसायचं. पहिल्या गुरुवारी अन्वी मागच्या सीटवर बसली आणि मावशी कुठे आहे, हे तिनं जर्मनमध्ये विचारलं. घरी आहे, असं कळल्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली. गाव संपलं. मोडाऊ नदीचं खोरं लागलं, डोंगर दोन्ही बाजूंनी पुढे आले, आणि रेडिओ बारीक कुरकुरू लागला. स्वरूपाला विचारायचं होतं, हा कुठला आवाज? पण पुऱ्यांची रात्र आठवली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. कुरकुर वाढली. कानाला सहन होईना, तेव्हा तिनं केंद्र बदलायला हात पुढे केला.

"नको!" मागून अन्वी म्हणाली. "तिथे काही दाबायचं नाही. मावशी दाबत नाही."

स्वरूपानं हात मागे घेतला. पुढच्या खेड्यातल्या सिग्नलला गाडी थांबली आणि रेडिओत नुसता फेस उठला.

"थोडी पुढे घे."

"लाल आहे गं."

"हातभर घे ना! मावशी घेते."

स्वरूपानं गाडी हातभर पुढे घेतली. मागच्यानं हॉर्न दिला. रेडिओत गाणं स्वच्छ लागलं, आणि आरशात तिला अन्वीचा विजयी चेहरा दिसला.

"पाहिलं? मावशी म्हणते, लाट मोठी असते, पण तिच्यातून बाहेर यायला हातभर जागा पुरते. मावशी म्हणते, ट्रकमागे थांबायचं नाही. मावशीला माझ्यासारखी बारीक गुणगुण ऐकूच येत नाही, ती म्हणते कान म्हातारे होऊन राहिले."

पोचेपर्यंत अन्वी बोलत होती. येतानाही बोलत होती. स्वरूपाला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मावशीपासून सुरू होत होतं. तिच्या मुलीची मराठी पुण्याची नव्हती, तिची स्वतःची नव्हती. ती खालच्या मजल्यावरच्या बाईची होती.  स्वरूपानं आरशात तिच्याकडे पाहून विचारलं, "आणि काय म्हणते तुझी मावशी?"

होफमध्ये गाडी लावताना ऊर्मिलाताईंच्या खिडकीत दिवा होता. अन्वी त्यांच्या दारावर थापा मारून आत गेली आणि तिथूनही तिचा आवाज येत राहिला, वाटेत कुठे काय ऐकलं त्याचा. स्वरूपा गाडीत बसून राहिली. वर जायला हवं होतं, भात लावायचा होता. तिला वाटलं, आपणही आत जावं. मग वाटलं, आज नको.

यंदा अन्वी अकरा वर्षांची झाली आणि पुण्याला आजीशी ती आता तासभर बोलते. ऊर्मिलाताई अजून त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील, आणि गुरुवारी दुपारी त्यांच्या गाडीची किल्ली स्वरूपाकडे असते.